मंडईंत मिळालेला धडा

संसारांतील कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं दुसऱ्यावर सोपविलीं म्हणजे अंगावरचें ओझें उतरतें खरें. पण त्या ओझ्याबरोबर आपल्या उपयोगाचेंहि कांहीं निघून जातें. घरची भाजी आणणें हें त्यांतलेंच एक काम होय. आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें. दोन्ही सुना व पुतण्या सकाळीं नऊच्या आंत कामावर जावयास निघतात. त्यांच्या सोयीसाठीं अलीकडे अशी व्यवस्था झाली आहे कीं, मोबाइलवर बोट ठेवलें म्हणजे अर्ध्या घटकेंत भाजीची पिशवी दाराशीं हजर. या व्यवस्थेविरुद्ध मीं कधीं ब्र काढला नाहीं. सुनांच्या हातीं दिवसाचे तास मोजके आहेत, हें मी जाणतों. तथापि मंगळवारीं व शनिवारीं सकाळीं कापडाच्या दोन पिशव्या घेऊन मी मंडईच्या वाटेस लागतों, तेव्हां धाकटी सून हटकून म्हणते, "बाबा, गुडघे दुखतात ना तुमचे? मग कशाला जाता? सगळं घरी येतं." तिच्या बोलण्यांत माया असते. मी "येतो ग" एवढेंच म्हणून जिना उतरतों. तें कांहीं उत्तर नव्हे. खरें उत्तर देऊं गेल्यास त्यांत माझी एक कबुली येते, व ती चार लोकांपुढें द्यावी असें बरेच दिवस मनांत होतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

पुणेकरांस मंडईची ओळख करून देणें म्हणजे आईपुढें आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखें आहे. परगांवच्या वाचकांसाठीं मात्र चार शब्द सांगतों. पूर्वीं पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणांत, उन्हापावसांत, उघड्यावर भरत असे. शुक्रवार पेठेंतील हल्लींची दगडी इमारत 1886 सालीं सुरू झाली. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे हे होते. त्यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणूं लागले. मध्यभागीं अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें फांकलेलीं दालनें, अशी तिची रचना आहे. बाहेर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1924 सालीं पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. 29 सप्टेंबर 2024 पासून जमिनीखालून धांवणारी मेट्रोहि येथें थांबूं लागली, आणि माझ्यासारख्या गुडघेदुख्या माणसाची एक सबब कमी झाली.

ज्या महात्म्याचें नांव आज या वास्तूस आहे, त्यानेंच ती बांधण्यास विरोध केला होता, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसतें. जोतीराव फुले हे 1876 पासून कांहीं वर्षें पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्याची योजना पुढें आली तेव्हां त्यांनीं ती नापसंत केली. हा पैसा प्राथमिक शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. जोतीरावांस बाजाराचें वावडें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. ते माळी कुळांतले. फुलांच्या व्यवसायावरूनच त्यांच्या घराण्यास फुले हें नांव पडलें. पिकविणाऱ्याचे व विकणाऱ्याचे कष्ट त्यांस घरचे होते. त्यामुळेंच, विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आधीं कीं त्याच्या मुलास शाळा आधीं, असा प्रश्न येतांच त्यांनीं शाळेच्या बाजूनें कौल दिला. इमारत व्हावयाची ती झालीच. जोतीराव 1890 सालीं वारले, आणि पुढें 1938 सालीं आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई हें नांव मिळालें.

जोतीरावांनीं 1848 सालीं मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत. तो जुना वाडा 2023 च्या अखेरीस पाडण्यांत आला. पण जागा तीच आहे, आणि मंडईहून ती कांहीं लांब नाहीं. हातांत पिशवी घेऊन मी कित्येक वर्षें या दोन्ही जागांवरून गेलों. परंतु जोतीरावांचा प्रश्न माझ्या मनाला कधीं शिवला नाहीं. तो कसा शिवला, तें पुढें सांगतों. आधीं मंडईंत जाऊं.

घाऊक बाजार आतां गुलटेकडीस भरतो. किरकोळ विक्रेते भल्या पहाटे तेथून माल आणतात व उजाडतां उजाडतां येथें मांडूं लागतात. आपण सातच्या सुमारास आंत शिरावें. दगडी भिंतींच्या आंत अजून गारवा असतो. मेथीच्या जुड्यांवर नुकतेंच पाणी शिंपडलेलें असतें. फुटाणे खात कोणी लसूण निवडीत असतो. डोक्यावर पोतें घेतलेला हमाल "बाजू, बाजू" म्हणत अंगावरून जातो. काटे विजेचे झाले आणि पैसे घेण्यासाठीं काळ्या-पांढऱ्या चौकटींचे पुठ्ठे गाळ्यागाळ्यावर लटकले; तरी पाव किलोस "पावशेर" म्हणण्याची रीत अजून सुटलेली नाहीं. किलोग्रॅम येऊन साठांहून अधिक वर्षें लोटलीं, पण शेर कांहीं जिभेवरून उतरला नाहीं.

मंडईंत ऋतु कळतो, तशी तिथीहि कळते. आषाढांत कांद्याच्या गाळ्यापुढें आपल्या घरांतील मंडळी एकाएकीं दिसूं लागलीं कीं, कांदेनवमी जवळ आली असें समजावें. त्यानंतर कांदा, लसूण व वांगें यांस चार महिने कित्येक स्वयंपाकघरांत मज्जाव. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावांचून पिकलेल्या भाज्या लागतात. अळू, माठ, लाल भोपळा, कणसें, सुरण यांचे वाटे विक्रेत्या बाया आपण होऊन लावून ठेवतात, आणि एखादी नवी सून गोंधळलेली दिसली तर, "ताई, अळू घेतलंत का? ऋषीच्या भाजीला लागतं," अशी आठवणहि देतात. पौषांत भोगीसाठीं ओले हरभरे, पावटा, गाजरें, बोरें, उसाचे करवे. चैत्रांत पन्ह्यासाठीं कैऱ्या. घरांतील वडील बाई गेली म्हणजे हें सारें सांगणार कोण, अशी चिंता पुष्कळ घरांत असते. मंडईंतील या बायांनीं तें पंचांग अजून तोंडपाठ ठेवलें आहे. मोबाइलच्या पडद्यावर बाराहि महिने सर्व भाज्या सारख्याच टवटवीत दिसतात. त्यांत आज कोणती तिथि, हें कळत नाहीं.

नव्या गृहिणींच्या उपयोगासाठीं पारखीच्या चार खुणा येथेंच देऊन ठेवतों. वांगें हातांत घेऊन पाहावें. आकाराच्या मानानें जड असेल तें बियांचें, हलकें असेल तें कोवळें. भेंडीचें टोंक बोटानें चटकन मोडलें पाहिजे. अळू वड्यांसाठीं हवें असेल तर काळसर देठाचें घ्यावें, फतफत्यासाठीं हिरव्या देठाचें. नारळ कानाशीं हलवून आंतील पाणी ऐकावें, आणि त्याचे डोळे ओलसर लागले तर परत ठेवावा. कोथिंबिरीची जुडी उलटी करून मुळांकडून पाहावी. वरचीं पानें सर्वच जुड्यांचीं हिरवीं असतात.

हें सर्व मला माझ्या वडिलांनीं शिकविलें, आणि त्याबरोबर घासाघीसहि शिकविली. भाव ऐकल्यावर आधीं शेजारच्या गाळ्याकडे पाहावें, दोन पावलें टाकावीं, मागून हांक आली म्हणजे परतावें, आणि सौदा ठरल्यावर वर दोन मिरच्या व कढीलिंबाची एक काडी मागून घ्यावी, असें तें शास्त्र होतें. त्यांत मी चांगलाच निष्णात झालों. घरीं येऊन "आज आठ रुपये वांचविले" असें मीं सांगावयाचें आणि मंडळींनीं त्याचें कौतुक करावयाचें, हा आमचा नित्याचा परिपाठ होता.

सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षींची गोष्ट. आश्विनांतील शनिवार होता. एका गाळ्यावर फ्लॉवरच्या भावावरून माझी अशीच घासाघीस चालली होती. मी सहसा त्या गाळ्यावर जात नसें. गाळेवाला सुमारें चाळिशीचा. त्यानें माझें सारें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें, मीं म्हटलेल्या भावांत गड्डा तोलला, आणि तो पिशवींत घालतां घालतां म्हणाला, "सर, ओळखलं नाहीत मला."

खरेंच मीं ओळखलें नव्हतें. "आठवी ब," तो म्हणाला. "मागून दुसरा बाक. पहिल्या तासाला तुम्ही मला उभं करायचात."

मग मात्र आठवलें. त्या वर्गाचा पहिला तास माझा, संस्कृतचा असे. आणि एक मुलगा रोज त्या तासास झोंपत असे. मीं त्यास आळशी ठरवून टाकलें होतें. त्यास बांकावर उभें केलें. वर्गापुढें त्याची थट्टा केली. कुंभकर्ण हें नांव मींच त्यास दिलें, आणि तें वर्षभर पोरांच्या तोंडीं राहिलें. त्याच्या प्रगतिपुस्तकावर "अभ्यासांत लक्ष नाहीं" हा शेराहि माझ्याच हातचा होता.

"तेव्हा पहाटे तीनला वडिलांबरोबर गुलटेकडीला जायचो," तो सांगूं लागला. "माल आणायचा, इथे लावून द्यायचा, मग शाळा. तुमचा तास सुरू झाला की डोळे मिटायचे. पण देव शब्द तृतीयेपर्यंत अजून येतो बघा." असें म्हणून त्यानें "देवः देवौ देवाः" पासून "देवेन देवाभ्याम् देवैः" पर्यंत बिनचूक म्हणून दाखविलें, आणि हंसून म्हणाला, "चतुर्थी कधी ऐकूच आली नाही, सर. तोवर झोप लागायची."

नववीनंतर त्याची शाळा सुटली होती.

त्याच्या बोलण्यांत टोंचणी नव्हती. असती तर मला बरें वाटलें असतें. काय बोलावें तें मला सुचेना. त्यानें आरंभीं सांगितलेला भाव मीं हिशेब करून त्याच्या पुढें ठेवला. त्यानें वरचे पैसे मोजून मला परत केले. "असं नको, सर. गिऱ्हाइकाशी भाव ठरला तो ठरला."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. मी कामचुकार शिक्षक नव्हतों. माझे विद्यार्थी चांगले निघाले, पारितोषिकें मिळवून आले. परंतु वांग्याचें वजन तळहातावर तोलून पाहणाऱ्या मला वर्गांतल्या त्या मुलाबद्दल एक साधा प्रश्न सुचला नाहीं. "बाळ, रात्रीं झोंपतोस कां नाहीं?" एवढें विचारावयास किती वेळ लागला असता? कोथिंबिरीची जुडी मुळांकडून पाहावी हें मला कळत होतें. मुलगा मात्र मीं वरूनच पाहिला. जोतीरावांचा तो जुना प्रश्न तेव्हां मला प्रथम भिडला. मंडईवर छप्पर झालें. त्या छपराखालील मुलाचें नांव शाळेच्या पटावरहि आलें. तरी शाळा त्याच्यापर्यंत पोंचली नाहीं, आणि तेथें नगरपालिकेस वा सरकारास दोष देण्याची मला सोय नव्हती. त्या वर्गांत मीच उभा होतों.

त्यानंतर मीं घासाघीस सर्वस्वीं सोडली असें नाहीं. भाव विचारणें, मालांत खोट दिसल्यास तसें बोलून दाखविणें, ही बाजाराची रीत आहे, आणि ती विक्रेत्यांसहि मान्य असते. दोन गोष्टी मात्र सोडल्या. सौदा ठरल्यावर वर फुकट मागत नाहीं. आणि दिवस मावळतां मावळतां, उरलेला माल त्यास टाकून द्यावा लागेल हें जाणून, पडत्या भावाची वाट पाहत उभा राहत नाहीं.

त्या गाळेवाल्याची मुलगी यंदा आठवींत आहे, आणि तिनें संस्कृत घेतलें आहे. माझा नातूहि आठवींत. दर रविवारीं दुपारीं दोघें आमच्या ओटीवर पाट्या-पुस्तकें घेऊन बसतात. मुलगी तल्लख आहे. नातवास मागें टाकते, व त्याचा त्यास थोडा रागहि येतो. पहिल्या रविवारीं ती आली तेव्हां वडिलांचा निरोप घेऊन आली होती : "सरांना सांग, चतुर्थीपासून सुरू करा." मीं प्रथमेपासूनच सुरू केलें, मात्र चतुर्थी आली त्या दिवशीं तिला ती दोनदां म्हणावयास लावली, घरीं जाऊन ऐकविण्यासाठीं.

वाचकांस माझें एवढेंच सांगणें आहे. ज्या घरांत सर्वच कामावर जातात तेथें भाजी दारीं येऊं द्यावी. त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु महिन्यांतून एकदां तरी घरांतील मुलांस बरोबर घेऊन आपल्या गांवच्या मंडईस जावें. ती पुण्यासारखी मोठी असेल, नाहींतर आठवड्याच्या बाजारासारखी झाडाखालीं भरणारी असेल. मुलांच्या हातीं पैसे देऊन त्यांस भाजी निवडूं द्यावी. ती कोठून आली, कोणीं आणली, किती वाजतां उठून आणली, हें विक्रेत्यास विचारूं द्यावें. आणि आपल्यांपैकीं जे शिक्षक असतील त्यांनीं वर्गांत कोणी पेंगत असेल तर शिक्षेपूर्वीं हाच प्रश्न त्यासहि विचारावा.

हा लेख पाठविण्यापूर्वीं धाकट्या सुनेस वाचावयास दिला. तिनें तो वाचून परत केला आणि म्हणाली, "शनिवारी मला सुट्टी आहे. मीही येते, पण पिशव्या मी उचलणार." तेव्हां या शनिवारीं आम्ही दोघें जाणार आहों.