मोतीबिंदु नव्हे, पीतबिंदु

शिरूर कासार हें बीड जिल्ह्यांतील सिंदफणेकांठचें तालुक्याचें गांव. अशा गांवीं सत्तरी ओलांडलेले एखादे आजोबा असावेत. अंगणांतून गेलेली शेळी त्यांस दिसते, उंबरठ्यास ते अडखळत नाहींत. परंतु समोर येऊन बसलेला पुतण्या त्यांस आवाजावांचून ओळखतां येत नाहीं, आणि पोथींतील ज्या अक्षरावर नजर ठेवावी नेमकें तेंच नाहींसें होतें. घरच्यांस वाटतें, आजोबा सोंग करतात. शेजारी म्हणतात, ‘मोतीबिंदु असेल, पिकूं द्या.’ दोन्ही तर्क चुकीचे असण्याचा संभव आहे, आणि दुसरा तर अधिक घातक.

डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागीं सुमारें ५ मिलिमीटर रुंदीचा पिवळसर ठिपका असतो. हाच पीतबिंदु; डॉक्टर त्यास मॅक्युला म्हणतात. वाचणें, सुईंत दोरा ओवणें, चेहरा ओळखणें हीं बारीक कामें ह्या ठिपक्याचीं. आजूबाजूचें पाहणें उरलेल्या पटलाचें. मोतीबिंदूंत डोळ्याचें भिंग गढूळ होऊन सर्वच देखावा धुकट होतो, व तें भिंग बदलतां येतें. पीतबिंदूच्या ऱ्हासांत चित्राचा मध्यच पुसला जातो, आणि दृष्टिपटल कांहीं बदलतां येत नाहीं.

ह्या विकाराचा कोरडा प्रकार पुष्कळांस होतो व वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो. ओला प्रकार थोड्यांस होतो. त्यांत पटलाखालीं नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून झिरपतात, आणि कांहीं आठवड्यांतच वाचण्याची दृष्टि जाऊं शकते. नवल असें कीं, ह्या उग्र प्रकारावरच उपाय अधिक गुणकारी आहे. वाहिन्यांची वाढ रोखणारें औषध डोळ्यांत टोचतात. अशा औषधांचा उपयोग २००६ च्या सुमारास रूढ झाला. गेलेली सर्व दृष्टि परत येत नाहीं, परंतु उरलेली बहुधा राखतां येते. मात्र हें टोचणें पुनःपुन्हां करावें लागतें. दृष्टिपटलाचे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरींच भेटतात. म्हणजे खेड्यांतून दर खेपेस एक दिवस मोडतो व सोबतीला माणूस लागतो. खरी अडचण ती हीच.

परीक्षा घरींही करतां येते. स्वित्झर्लंडच्या डॉ. मार्क आम्स्लर ह्यांनीं चौकटींचा कागद ह्यासाठीं प्रचारांत आणला. चष्मा लावून, एक डोळा झांकून, कागदाच्या मधल्या टिंबाकडे पाहावें. मग दुसऱ्या डोळ्यानें. दोन्ही डोळे उघडे ठेवल्यास चांगला डोळा दुसऱ्याचें व्यंग झांकतो. रेघा वांकड्या किंवा तुटक दिसल्या, तर त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठावा. विडी ओढणाऱ्यास धोका अधिक, हेंही सिद्ध झालें आहे.

आजोबा मान वळवून तिरपें पाहतात, तें कडेच्या शाबूत दृष्टीचा उपयोग करून घेण्यासाठीं. पुतण्यानें जवळ येतांच आधीं आपलें नांव सांगावें.