चाकांवरच्या चंदेरी घराचा पुनर्जन्म

पावसाळ्यात पाठीवर शंख घेऊन फिरणारी गोगलगाय तुम्ही पाहिली असेल. जिथे जाईल तिथे तिचं घर तिच्याबरोबर! असंच फिरतं घर अमेरिकेतल्या वॉली बायम यांनी लहानपणीच अनुभवलं होतं. ते मेंढ्या राखायचे, तेव्हा गाढवाने ओढायच्या दोनचाकी गाडीत त्यांचा मुक्काम असे. मोठेपणी ते मोटारीमागे जोडायची घरं बनवू लागले. १९३६ साली त्यांच्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने ‘क्लिपर’ नावाचं घर बाजारात आणलं. किंमत होती १,२०० डॉलर! विमानासारखं गोलसर, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं आणि रिव्हेट ठोकून जोडलेलं. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. मोटारीला जोडलं की निघाली स्वारी! अशा घराला म्हणतात ट्रॅव्हल ट्रेलर.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे असे ट्रेलर अमेरिकेत आजही कुणाच्या शेतात, कुणाच्या परसात पडून असतात. हौशी माणसं ते विकत आणतात आणि अगदी सांगाड्यापासून नवे करतात. हे काम कसं चालतं ते पाहू या.

वरून चकचकीत, खालून भुसभुशीत

जुना एअरस्ट्रीम विकत घेताना जाणकार माणूस आधी त्याच्या चकाकीकडे बघतच नाही. तो मागे जातो, बंपरवर उभा राहतो आणि हळूच उड्या मारतो! बंपर खाली गेला आणि वरचं कवच मात्र तिथेच राहिलं, दोघांमध्ये फट दिसली, की समजायचं, मागचा सांधा सुटलाय.

असं का होतं? ट्रेलरचे तीन थर असतात. सगळ्यात खाली पोलादी सांगाडा, त्यावर प्लायवूडची जमीन आणि त्यावर अॅल्युमिनियमचं कवच. प्लायवूडची कड सांगाडा आणि कवच यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखी असते. खिडकीच्या कडेतून, छताच्या सांध्यातून पावसाचं पाणी थेंब थेंब आत येतं आणि उतरत उतरत या कडेशी मुरतं. लाकूड कुजतं. लाकूड गेलं की कवचाला धरणारं काही उरतच नाही.

पाण्याची आणखी एक खोडी आहे. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल आली, की तिथे चक्क छोटा विद्युतघट तयार होतो! या घटात अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होऊ लागते. शाळेत विद्युतघट शिकलात ना? तोच हा, फक्त चोरपावलांनी आलेला.

कवच उचललं!

दुरुस्तीची सुरुवात होते ती मोडतोडीने. पण ही मोडतोड फार शिस्तीची बरं का! प्रत्येक वस्तूचा आधी फोटो, मग तिच्यावर चिठ्ठी. पलंग, ओटा, कपाटं, नळ बाहेर येतात. मग आतल्या पत्र्याचे शेकडो रिव्हेट ड्रिलने काढायचे. पत्र्यामागे थंडी-उन्हापासून बचावासाठी काचतंतूंची गादी भरलेली असते आणि तिच्यात उंदरांची घरटी! म्हणून तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच.

यानंतरची पायरी मोठी जोखमीची. आतल्या पत्र्याशिवाय आणि जमिनीशिवाय हे कवच अंड्याच्या टरफलासारखं नाजूक असतं. म्हणून आधी आतून आडवे-उभे टेकू लावतात. मग कवचाला जमिनीशी धरणारे बोल्ट सोडवायचे, साखळीच्या कप्पीने ते हळूहळू वर उचलायचं आणि सांगाडा खालून ओढून बाहेर काढायचा. इथे घाई केली, तर इतकी वर्षं टिकलेलं कवच कायमचं वाकडं व्हायचं!

काय ठेवायचं, काय टाकायचं?

आता खरा प्रश्न येतो. सांगाडा घासून गंज काढतात. जिथे पोलाद शाबूत आहे तिथे गंजरोधक रंग, जिथे चाळणी झालीय तिथे नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा. पण चाकांच्या आसाचं काय? एअरस्ट्रीमने १९६१ च्या सुमाराला आसाच्या नळीत रबराचे दांडे बसवायला सुरुवात केली. तेच धक्के सोसतात. मात्र रबर म्हातारं झालं की कडक होतं. मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट घराला हादरवतो. म्हणून जुन्या वस्तूंवर कितीही प्रेम असलं, तरी असा थकलेला आस बदलावाच लागतो. जे टिकेल ते जपायचं, जे धोक्याचं ते बदलायचं. हे ठरवणं हातोडी चालवण्यापेक्षा अवघड!

मग पाण्याला दाद न देणाऱ्या प्लायवूडची नवी जमीन बसते. तिच्या कडा नीट रंगवून बंद करतात. पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये पट्टी किंवा रंगाचा थर देतात, म्हणजे तो चोरटा विद्युतघट पुन्हा तयार होत नाही. मग कवच परत खाली येतं.

रिव्हेट ठोकायला मात्र दोघं लागतात. बाहेरचा माणूस यंत्राने ठोके मारतो, आतला रिव्हेटच्या शेपटीशी लोखंडी ठोकळा घट्ट धरतो. एकाचा हात हलला की रिव्हेट वाकडा! शेवटी नळीने छतावर पाणी सोडून थेंबही आत येत नाही ना, ते पाहतात. मगच तारा, नळ आणि कपाटं. पॉलिशची पाळी त्याच्याही नंतर.

चंद्रवीरांचं घर

अशाच एका एअरस्ट्रीमने इतिहासही पाहिलाय. २४ जुलै १९६९ ला चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना जहाजावर एका बंद घरात ठेवलं होतं. चंद्रावरचे जंतू पृथ्वीवर पसरू नयेत म्हणून! ते घर म्हणजे चाकं काढून बदललेला एअरस्ट्रीमच. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी खिडकीतून बोलले. अपोलो १२ च्या वीरांचं तसंच घर पुढे विस्मरणात गेलं आणि २००७ साली अलाबामा राज्यात माशांच्या पैदास केंद्रात सापडलं! ते आता हंट्सव्हिलच्या अवकाश संग्रहालयात आहे. पाहिलंत ना? परसात पडलेली प्रत्येक जुनी वस्तू भंगार असतेच असं नाही.

आपल्याकडेही पुण्याजवळच्या दापोडीच्या कारखान्यात एसटीच्या बसगाड्या अशाच बांधल्या जात. आधी चासी, मग तिच्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेटांच्या रांगा.

घरातली एखादी जुनी सायकल भंगारात द्यायची चर्चा चालू असेल, तर आधी तिच्या सांगाड्याकडे नीट बघा. रंग उडाला असेल, घंटी वाजत नसेल, पण सांधे शाबूत आहेत का? असतील, तर आईबाबांना सांगा, “थोडं थांबा!” आणि एका रविवारी त्यांच्याबरोबर कामाला लागा.