आबांच्या मधपेट्या आणि माझी फसलेली घाई

आबा गेले तेव्हा दर्यापूरच्या शेतात, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली मेलिफेराच्या तीन पेट्या होत्या. तळफळी कुजलेली, कोपरे उघडे पडलेले, चौकटींतली पोळी काळी ठिक्कर. पीएचडीसाठी मला चांगल्या वसाहती हव्याच होत्या. म्हटलं, सगळं एकदाच नवं करून टाकू.

काका म्हणाले, "अबे, उन्हाळा तोंडावर आला अन् तू घर मोडून राह्यला. माश्या पळून जातीन."

मी ऐकलं नाही. मार्च संपता संपता एका पेटीतल्या दहाही चौकटी काढल्या, नवे मेणपत्रे लावले. तोवर शेतातला फुलोरा संपत आला होता. मेण पत्र्यावर नाही, माशीच्या पोटातल्या ग्रंथींत तयार होतं, आणि त्यासाठी भरपूर मकरंद पोटात जावा लागतो. जे थोडंफार बांधलं तेही दुपारच्या उन्हात वाकून खाली आलं. मेण वितळतं साधारण 62 ते 64 अंशांना, पण चाळिशी ओलांडली की मऊ पडायला लागतं. आठवड्याभरात पेटी रिकामी.

म्हणजे जुनं पोळं चांगलं का? तसंही नाही. प्रत्येक अळी कोष विणते आणि त्याचं अस्तर घरातच राहतं. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की पोळं काळं, जड आणि मजबूत होतं, पण घर आतून अरुंद होत जातं आणि त्यातून निघणारी कामकरी माशी लहान भरते. मेणकिड्यालाही हेच कोषांचं पोळं आवडतं. शिवाय मेणात स्निग्धविद्राव्य कीटकनाशकं साठत जातात. आपल्या कापसाच्या पट्ट्यात ही गोष्ट किरकोळ नाही.

तुम्ही पुढे माश्यांवर काम करणार असाल तर इथे थांबा. समजा तुम्ही दोन वसाहतींतल्या माश्यांची वजनं मोजली आणि फरक आला. तो चाऱ्याचा, औषधाचा, की पोळ्याच्या वयाचा? आबांनी कोणती चौकट कधी घातली ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे मला सांगताच येत नाही. आता मी प्रत्येक चौकटीच्या वरच्या पट्टीवर मार्करने साल लिहितो. काढलेल्या पोळ्याचा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवतो, पुढे अवशेषांची तपासणी करता यावी म्हणून.

दुसरा घोळ मापाचा निघाला. अमेरिकेत लँगस्ट्रॉथच्या 1851 मध्ये लक्षात आलं की साधारण 6 ते 9 मिमी फट माश्या ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून कमी असेल तर डिंकासारख्या प्रोपोलिसने बुजवतात, जास्त असेल तर मेणाचे पूल बांधतात. आबांच्या चौकटी गावच्या सुताराने केलेल्या. एका बाजूला फट 4 मिमी, दुसरीकडे 13. चौकट पटाशीने उचकटताना पोळं फाटायचं ते म्हणूनच. नव्या प्रमाणित पेटीत त्या बसतही नव्हत्या.

दुसऱ्या पेटीला मी नोव्हेंबरात, तूर फुलल्यावर हात लावला. आधी पिलावा तपासला, कारण अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू जुन्या लाकडात-मेणात दशकानुदशकं टिकतात. नवी पेटी जुनीच्याच जागी, दार त्याच दिशेला; परतणारी माशी जागा ओळखते, पेटी नाही. पिलाव्याची बरी पोळी कापून नव्या चौकटीत सुती दोऱ्याने बांधली. माश्यांनी ती जोडून घेतली आणि दोरा कुरतडून बाहेर फेकला. (कापसाचा एवढा चोख हिशेब बाजार समितीतही होत नसेल!)

सगळ्यात काळी दोन पोळीही तशीच बांधून राणीजाळीच्या वर ठेवली. राणी वर जाऊ शकत नाही, म्हणून तिथे नवी अंडी पडत नाहीत. कामकरी 21 दिवसांत निघते, नर 24 दिवसांत. पंचविसाव्या दिवशी ती पोळी रिकामी होती, तेव्हा काढली. बाकीची दरवर्षी एक तृतीयांश बदलायची ठरवली आहेत, म्हणजे उन्हाळ्यात उभं राहणारं थोडं जुनं पोळं पेटीत कायम असेल.

तिसरी पेटी अजून आबांच्याच चौकटींवर आहे. काका रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसतात, आणि ती बदलण्याचा विषय मी अजून त्यांच्याकडे काढलेला नाही.