तपासणीचा ठेका, फायलीमागे मजुरी

सरकारी नोकरीत माणूस घेण्यापूर्वी त्याचा पूर्वेतिहास तपासण्याचे कामही ठेक्याने दिले जाते. अमेरिकन सरकारने 1996 साली आपल्या तपासणी खात्याचे खासगीकरण केले आणि यूएसआयएस ही कंपनी निघाली. पैसे मिळत ते फायलीमागे. यंत्रमागावर मीटरमागे मजुरी असली, तरी ठाणातला दोष व्यापारी स्वतः पाहून घेतो. येथे विणणारा आणि ठाण पाहणारा एकच! प्रत्येक फाईल पाठविण्यापूर्वी कंपनीनेच फेरतपासणी करावी, अशी अट होती. 2008 ते 2012 या काळात 6 लाख 65 हजार फायली फेरतपासणीविना पुढे ढकलल्या, असा आरोप सरकारने 2014 मध्ये न्यायालयात केला. त्याच वर्षी ठेका गेला. 2015 मध्ये किमान 3 कोटी डॉलरच्या येण्यावर पाणी सोडून तडजोड झाली.