बंदिवान आणि वैद्य

मनुष्य कारागृहात गेला म्हणजे त्याचे स्वातंत्र्य संपते. आजारी पडण्याचा संभव मात्र संपत नाही, उलट वाढतो. दाटीवाटी आणि कोंदट हवा यांमुळे क्षय व खरूज यांसारखे रोग तेथे लवकर पसरतात. बाहेरचा रोगी आपल्या पायांनी दवाखाना गाठतो. एकाच्या औषधाने गुण आला नाही, तर दुसऱ्याकडे जातो. बंदिवानाला ही मुभा नसते.

१८९४ च्या कारागृह अधिनियमाने अशा रोग्यासाठी एक वाट आखून दिली. जो बंदिवान वैद्यकीय कर्मचाऱ्यास भेटू इच्छील किंवा आजारी दिसेल, त्याचे नाव त्याच्यावर देखरेख करणाऱ्याने विनाविलंब तुरुंगाधिकाऱ्यास कळवावे, असा हा नियम. याचा अर्थ असा, की आरोग्यसेवेची पहिली पायरी वैद्य नव्हे, तर पहारेकरी होय. त्याला दुखणे सोंग वाटले, तर रोगी वैद्यापर्यंत पोहोचतच नाही.

पोटदुखीचेच उदाहरण घेऊ. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना पोटदुखीने ग्रासले. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. वेळेवर बाहेर हलविल्यामुळे प्राण वाचले. पण तो बंदिवान जगविख्यात होता.

जानेवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या मध्यवर्ती कारागृहातील तीन सामान्य बंदी दगावले. तुरुंगातील बेकरीत वापरला जाणारा इसेन्स ते प्याले होते. त्यांनी पोटदुखीची तक्रार केली. परंतु काय प्यालो, हे आरंभी सांगितले नाही. शिक्षेचे भय असलेला रोगी वैद्यापुढेही मन मोकळे करीत नाही, आणि खरे कारण कळेपर्यंत उपचाराची वेळ निघून जाते.

म्हणूनच कारागृहातील प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे केवळ औषधांचे कपाट नव्हे. प्रवेशाच्या वेळी तपासणी, रोग्याशी एकांतात बोलणे, त्याची गुप्तता राखणे आणि वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठविणे, ही तिची अंगे होत. १९९६ साली राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोग्याची हेळसांड हा तुरुंगांच्या प्रमुख दोषांपैकी एक मानला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांनुसार उपचाराचा निर्णय वैद्यानेच घ्यावयाचा असतो. तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्यांनी तो फिरवावयाचा नसतो.

न्यायालय शिक्षा देते ती कारावासाची. उपचारावाचून मरण्याची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.