लडाखला गाडीने जाताय? मुक्कामाची उंची पाहा

उन्हाळा सरत आला की मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लडाखचे बेत रंगू लागतात. गाडी सर्व्हिसिंगला जाते, नकाशा उघडला जातो आणि किलोमीटरचा हिशेब सुरू होतो. मनाली ते लेह सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन दिवसांत आरामात पोहोचू. वाटेत एखादा छोटा ट्रेकही करू. गाडीपुरता हा हिशेब बरोबर असतो. गाडीत बसलेल्या माणसांसाठी मात्र आणखी एक आकडा पाहावा लागतो, तो म्हणजे रात्री आपण किती उंचीवर झोपणार.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना उंचीचा हा त्रास माहीत नसतो, कारण तो इथे होतच नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरवर आहे आणि श्रीनगर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर वसलंय. लेह ३५०० मीटरवर आहे. तिथल्या हवेतही प्राणवायूचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी होतो. ५३०० मीटरच्या वर असलेल्या तांगलांग ला खिंडीत तो निम्म्यावर येतो.

शरीर सवय कशी करून घेतं?

प्राणवायू कमी पडला की आपण आपोआप जोरात श्वास घेऊ लागतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातलं आम्लाचं प्रमाण घटतं आणि मेंदू पुन्हा श्वासाला लगाम घालतो. हा तोल सावरण्याचं काम मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात. झोपेत श्वास आणखी मंदावतो, रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो. म्हणून दुपारी उंच खिंडीत अर्धा तास थांबणं शरीर बहुधा निभावून नेतं. त्याच उंचीवर रात्र काढणं जड जातं.

त्रास सहसा उंचीवर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. डोकं दुखतं, मळमळतं, भूक जाते, गळून गेल्यासारखं वाटतं. तरुण आणि व्यायाम करणाऱ्यांनाही तो होतो. किंबहुना दमछाक न झाल्यामुळे ती मंडळी भराभर वर जातात आणि अडकतात. घाटात गाडी लागण्याची सवय असलेल्यांची आणखी फसगत होते, कारण उलटी दोन्हींत होते. गाडी लागली असेल तर थांबल्यावर तासाभरात बरं वाटू लागतं. तसं झालं नाही आणि डोकंही दुखत राहिलं, तर तो उंचीचा त्रास समजावा.

उतरायचं तर आधी चढायचं

३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं गिर्यारोहण-वैद्यक सांगतं. मनालीहून निघून पहिल्याच रात्री सारचूच्या तंबूत झोपलं, तर आपण एका दिवसात सुमारे २०५० वरून ४३०० मीटरवर जातो. रात्री कुणाची तब्येत बिघडली तर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण सारचूहून मनालीकडे परतायला ४८९० मीटरची बारालाचा ला ओलांडावी लागते आणि लेहकडे जायला त्याहून उंच खिंडी आहेत. म्हणजे आजारी माणसाला आधी आणखी वर न्यावं लागतं.

म्हणून जाताना श्रीनगरचा रस्ता धरावा आणि शरीर सरावल्यावर मनालीमार्गे परतावं. पहिला मुक्काम सोनमर्गला, सुमारे २७०० मीटरवर. तिथून थाजिवास हिमनदीकडची चाल पायांना मोकळं करते. दुसऱ्या दिवशी झोजी ला ओलांडून, द्रास पाहून कारगिलला झोपायचं. तेही २७०० मीटरच्याच आसपास आहे. तिसऱ्या दिवशी ४१०८ मीटरच्या फोटू ला खिंडीतून जायचं, लामायुरूचा मठ पाहायचा. पण मुक्काम मात्र खाली आल्चीला, ३१०० मीटरवर. चौथ्या दिवशी लेह. खिंडी उंच, मुक्काम खाली, असा हा बेत आहे.

लेहमध्ये पहिला पूर्ण दिवस बाजारात रमतगमत काढावा. शांती स्तूपाच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी चढाव्यात. हे अंगवळणी पडलं की लिकिर ते यांगथांगसारखी चार-पाच तासांची पायवाट धरायला हरकत नाही. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. पुढे आधी नुब्रा करावं, कारण खार्दुंग ला कितीही उंच असली तरी हुंदरचा मुक्काम लेहपेक्षा खाली आहे. ४२५० मीटरवरच्या पँगाँगची रात्र त्यानंतर. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी दोन पूर्ण दिवस विश्रांती घ्यावीच.

त्रास झालाच तर

डोकेदुखी सुरू असताना आणखी वर जाऊ नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण दोन्हींमुळे श्वास मंदावतो. तहानेपुरतं पाणी प्यावं. बळेबळे लिटरवर लिटर पिऊन त्रास टळत नाही. ॲसेटाझोलामाइड या गोळीने शरीराला सवय लवकर होते, पण ती निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. हृदय किंवा फुप्फुसांचा आजार, गंभीर रक्तक्षय वा गरोदरपण असेल तर प्रवासाचा निर्णयही डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला ही फुप्फुसांत पाणी साचत असल्याची खूण असू शकते. भान हरपणं, तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची. शंका आली तर त्या व्यक्तीला पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगावं. जमत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू लावून ताबडतोब खाली आणि रुग्णालयात न्यावं. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर राहू नये. आणि डोकं दुखणाऱ्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊ नये, मग गाडी त्याची स्वतःची असली तरी. कमी प्राणवायूत निर्णय चुकतात आणि ते चुकलेले कळतही नाहीत.

बेत आखताना कागदावर प्रत्येक मुक्कामासमोर त्याची उंची लिहा. ३००० मीटरच्या पुढे दोन रात्रींमध्ये ५०० मीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर तिथे एक दिवस वाढवा. रजा एका दिवसाने वाढेल, पण लेहला पोहोचल्यावर पलंगावर डोकं धरून पडून राहण्याची वेळ टळेल.