मशीनवर साठा, गोदाम रिकामे! युरियाच्या एका गोणीची नोंद कुठवर जाते?

अमरावती/अकोला : पावसाने उघडीप दिली की वऱ्हाडात कपाशीला युरिया देण्याची घाई सुरू होते. कृषी केंद्रांवर गर्दी होते आणि नेहमीचा प्रश्न पुढे येतो : 'ऑनलाइन साठा दिसतो, मग गोणी का मिळत नाही?' उत्तर काउंटरवरच्या पॉस मशीनमध्ये आहे.

अंगठा लावल्यावर काय होते?

शेतकऱ्याने आधार क्रमांक देऊन अंगठा लावला की मशीन ओळख पटवते, दुकानाच्या खात्यावरील साठ्यातून गोण्या वजा करते आणि पावती काढते. हे सगळे मिळून एक व्यवहार. तो हाताळणाऱ्या यंत्रणेला ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग सिस्टीम म्हणतात. तिचा नियम साधा आहे : व्यवहार पूर्ण होईल, नाहीतर अजिबात होणार नाही. मध्येच रेंज गेली, तर अर्धवट नोंद धरायची नाही. एटीएममधून पैसे काढतानाही हेच तत्त्व लागू असते.

एक नोंद, अनेकांचा हिशेब

निमकोटेड युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच जास्त असतो. वरची रक्कम केंद्र सरकार कंपनीला अनुदान म्हणून देते. पूर्वी खत जिल्ह्यात पोहोचले की अनुदानाचा मोठा भाग मिळत असे. मार्च 2018पासून देशभर नवी पद्धत आली : पॉसवर विक्री झाली, तरच अनुदान. म्हणजे धारणी किंवा बाळापूरच्या दुकानात लागलेल्या अंगठ्यावर कंपनीची वसुली अवलंबून असते.

कारखाना, रेल्वे रॅक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ दुकान हा सारा प्रवास सरकारच्या एकात्मिक खत व्यवस्थापन प्रणालीत नोंदला जातो. मोठ्या कंपन्या आपल्या कारभारासाठी ईआरपी वापरतात, त्यामागचा विचारही हाच. उत्पादन, गोदाम, विक्री आणि लेखा विभागाच्या वेगवेगळ्या वह्या नसतात. माहिती एकदा भरली की सगळ्यांना तीच दिसते.

मग गडबड कुठे होते?

प्रणालीला नोंद दिसते, गोणी दिसत नाही. गर्दी आहे, रेंज नाही म्हणून दुकानदाराने वहीत नाव लिहून गोण्या दिल्या आणि मशीनवरची विक्री राहून गेली, तर गोदाम रिकामे होते. मशीनवर मात्र साठा शिल्लक राहतो. पुढच्या पुरवठ्याचे नियोजन करताना हाच शिल्लक साठा पाहिला जातो. त्यामुळे कागदोपत्री खत भरपूर आणि शेतकरी रांगेत, अशी स्थिती येऊ शकते.

उलटही घडू शकते. एखाद्याच्या अंगठ्यावर दोनऐवजी दहा गोण्या दाखवल्या, तर उरलेल्या आठ हिशेबातून बाहेर पडतात. त्या कुठे गेल्या, हे प्रणाली सांगू शकत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- अंगठा लावल्यावर मशीनची छापील पावती घ्या.
- पावतीवरील गोण्यांची संख्या आणि रक्कम तिथेच तपासा.
- ई-उर्वरक संकेतस्थळावरील किसान कॉर्नरमध्ये दुकानाचा साठा पाहा.
- तफावत दिसल्यास पावतीसह तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

हिशेब दिल्लीपर्यंत जात असला, तरी तो बरोबर आहे की नाही हे सर्वांत आधी काउंटरसमोर उभ्या शेतकऱ्यालाच कळते.